एकतीस गावांचे एकतीस नकाशे

तळेगाव ढमढेरे
३ सप्टेंबर २००७

चि. सौ. अनुपमास,

मामाचा आशीर्वाद तुला कायमचाच आहे, त्यामुळे त्यात ओळी घालवत नाही. डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत पडून राहा म्हटलंय तर पडून राहा, आणि पडल्या पडल्या माझं एक काम कर.

तुझ्या आईनं तुझा मोबाईल पिठाच्या डब्यात लपवलाय असं कळलं. फोनची किरणं बाळाला बाधतात हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. पण एका अर्थी बरंच झालं. फोनवर सांगितलेलं ऐन कामाच्या वेळी आठवत नाही. लिहिलेलं पुन्हा काढून वाचता येतं.

तर ऐक. आमच्या वेळाई साखर कारखान्याचा नकाशा सर्व्हर म्हणजे काय हे तुला सांगायला नको, पण क्रमानं सांगतो. एकतीस गावांतल्या उसाच्या प्रत्येक प्लॉटची नोंद मी त्यात घातली आहे. कुणाचा ऊस, जात कोणती, लागण कधीची. गट ऑफिसातला शेतकी विभागाचा माणूस तिथं बसून आपल्या गावाचा नकाशा उघडतो आणि त्यावरून तोडीचा क्रम लागतो. चार वर्षांपूर्वी हे काम बाहेर द्यायचं घाटत होतं. मी तेव्हा ऊसनोंदणीचा कारकून. उभा राहिलो आणि म्हणालो, मी करतो. कुणी शिकवलं नाही. पुस्तकं आणली, शेजारी डिक्शनरी ठेवली आणि केलं.

हा सर्व्हर आता रोज पडतो. सकाळी चालू केला की गुणी लेकरासारखा चालतो. गट ऑफिसं नकाशे उघडायला लागली की काही गावांचे उघडतात, काहींना नुसतं पांढरं पान. मग मी सगळं बंद करून पुन्हा चालू करतो. दुपारी पुन्हा तेच.

मेमरी कमी पडते असं ताडून मी चार जीबी टाकून घेतली. मशिन दाखवतंय सव्वातीन! तसाच पुण्याला गेलो. दुकानदाराला म्हटलं, "डेअरीवर कुणी मापात मारलं तर मी नुसत्या फेसावरून ओळखतो, मला काय फसवतोस?" तो म्हणाला, "काका, चारच आहे." म्हटलं, "मग पाऊण कुठं गेला? खाल्लास?" त्यानं पट्ट्या बदलून दिल्या. त्याही सव्वातीनच. टोळीच आहे यांची.

आता मुद्द्याचं. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होतोय. मोळीपूजनाच्या दिवशी सगळ्या संचालकांसमोर मोठ्या पडद्यावर नकाशा दाखवायचा आहे. चेअरमन मला तोंडावर म्हणाले, "मारुतराव, त्या दिवशी पांढरं पान आलं तर नकाशा पुण्याच्या कंपनीकडं, आणि तुम्ही वजनकाट्यावर." काट्यावर बसण्यात कमीपणा नाही, तिथंही अक्कल लागते. पण अनु, या सर्व्हरमधली एक एक रेघ मी ओढली आहे.

काही सुचतं का बघ.

मारुतीमामा


दौंड, रेल्वे कॉलनी
७ सप्टेंबर २००७

मामा,

नमस्कार. वाकता येत नाही, म्हणून झोपूनच.

आधी त्या बिचाऱ्या दुकानदाराचं. त्यानं तुम्हाला चारच दिलेत. असं समजा, तुमच्या विंडोजकडं घरांना द्यायला ठरावीकच नंबर आहेत, चार जीबीपुरते. त्यातले काही नंबर चावडीला, देवळाला आणि पाण्याच्या टाकीला आधीच देऊन टाकलेत, म्हणजे मशिनमधल्या इतर कार्डांना. तुम्ही घरं बांधलीत पुरेपूर, पण शेवटच्या आळीला नंबरच उरला नाही. नंबर नाही तिथं पोस्टमन जाणार कसा? घरं आहेत, पण विंडोजच्या लेखी नाहीत. तेव्हा माफी मागायला हवी.

दुसरं म्हणजे, पांढरं पान आलं की लगेच बंद-चालू करू नका ना मामा! ताप आला की आपण पोराला आंघोळ घालत नाही. त्या वेळी मेमरी किती मोकळी आहे ते बघा. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच क्षणाची ओळ काय म्हणते ते शब्दशः उतरवून पाठवा. आणि एक सांगा, नकाशे एकूण किती आहेत आणि प्रत्येकामागं कमीत कमी किती प्रोसेस चालू ठेवल्यात?

आई खांद्यावरून वाचतेय. म्हणते, "त्याला इचार, येळेवर जेवतो का मशिनलाच घास भरवतो."

माझ्या कंपनीचं विचारू नका, मी रजेवर आहे.

तुमची अनु


तळेगाव ढमढेरे
१४ सप्टेंबर २००७

चि. अनु,

दुकानदाराची माफी मागणार नाही. पुढची खरेदी त्याच्याच दुकानातून करीन, त्यात त्यानं काय ते समजून घ्यावं.

तू सांगितलंस तसं बघितलं आणि चक्रावलो. पांढरं पान येतं तेव्हा जवळजवळ एक जीबी मेमरी मोकळी पडलेली असते! कणगीत धान्य आहे आणि घरात उपास चाललाय, असा प्रकार. लॉगमधल्या ओळीचा अर्थ एवढाच की, नवीन प्रोसेस सुरू करता आली नाही. का, ते नाही.

प्रोसेस हा शब्द तुला ठीक आहे, मी त्यांना गडी म्हणतो. काम आलं की करायचं, नाहीतर उभं राहायचं. एका नकाशामागं दोन गडी कायम उभे. नकाशे एकतीस, म्हणजे बासष्ट गडी. काम वाढलं की आणखी बोलावले जातात. कुणाला ताटकळायला लागू नये म्हणून मी ही सोय मुद्दाम केली आहे.

एकतीस कशाला, असं तू विचारशील. पहिल्या वर्षी एकच नकाशा होता. सभेत पडद्यावर दाखवला. केंदूरचे संचालक तात्याबा उठले. धनगरवस्तीवरचा माणूस, एरवी सभेत तोंड उघडत नाही. म्हणाले, "ह्यात आमचं कायच दिसंना." मी केंदूर मोठं करून दाखवलं. "तरीबी दिसंना." लोक हसायला लागले. चेअरमन वैतागले, म्हणाले, "मारुतराव, त्यांना त्यांचा येगळा काढून द्या, विषय संपला." विषय कसला संपतोय! आठवड्यात पाबळवाले हजर. "केंदूरला येगळा आन् आमी काय घोडं मारलंय?" एकाला दिला की सगळ्यांना द्यावा लागतो, हे तू सोसायटीत कधी काम केलं नाहीस म्हणून तुला नवल वाटेल. प्रत्येक गावाला वेगळं शीर्षक, वेगळ्या रंगाची चौकट, चौकटीला वेलबुट्टी. केंदूरची वेलबुट्टी काढायलाच मला चार दुपारी लागल्या. पुण्याची कंपनी एवढं करील का?

उद्या गणपती बसतात. तुझ्या आईला सांग, जेवतो.

मारुतीमामा


दौंड
१९ सप्टेंबर २००७

मामा,

सापडलं! इतकी जोरात ओरडले की आईला वाटलं कळाच सुरू झाल्या. गरम पाणी ठेवायला धावली होती.

घर कितीही मोठं असलं तरी माणसं आत यायची ती पडवीत चपला काढून. तुमच्या विंडोजमध्ये पडद्यामागं काम करणाऱ्या गड्यांना अशीच एक छोटी पडवी ठरवून दिलेली असते. इंग्रजीत तिला डेस्कटॉप हीप म्हणतात. तिचं माप मेमरीशी बांधलेलं नाही, तिचा आकडाच वेगळा लिहिलेला असतो, पाचशे बारा. बासष्ट गड्यांच्या चपलांनीच ती भरली. वर गट ऑफिसांनी आणखी गडी बोलावले की त्यांना पाय ठेवायला जागा नाही. आत ओसरी मोकळी, माजघर मोकळं, म्हणून तुम्हाला एक जीबी शिल्लक दिसते. आणि पाहुणा दारातून परत.

तुम्ही सगळं बंद-चालू करता तेव्हा फक्त चपला बाहेर फेकता. तासाभरात पुन्हा ढीग.

उपाय दोन. एक, रजिस्ट्रीमध्ये पाचशे बाराचं एक हजार चोवीस करायचं. त्यापुढं एक आकडाही नाही, कारण ही जागा दुसऱ्यांच्या वाट्यातून येते. पण हा तात्पुरता उपाय. खरा उपाय दुसरा, एकतीस नकाशे मोडून एकच करायचा. सगळ्या गावांना मिळून चार-पाच गडी पुरतील मामा. एका वेळी नकाशा उघडणारी तुमची गट ऑफिसं आहेतच किती? प्रत्येक गावाच्या नावाचं एक बटण देऊ, म्हणजे दाबल्यावर थेट आपलंच गाव दिसेल.

वेलबुट्टी मात्र जाईल. त्याचं वाईट वाटतंय.

अनु


तळेगाव ढमढेरे
२६ सप्टेंबर २००७

चि. अनु,

निदान अचूक. शाबास. मला हे पुस्तकात सापडलं नव्हतं, कारण माझ्याकडच्या पुस्तकाची ती पानंच शाई सांडून काळी झाली होती.

पण एक नकाशा होणार नाही. एकतीस गावांना दिलेला मान एका दिवसात काढून घ्यायचा आणि सांगायचं काय, तर पडवी लहान आहे? तात्याबा पुन्हा उभे राहतील, पुन्हा लोक हसतील, आणि ते माझ्यामुळं. तुला मशिन कळतं, मला माणसं कळतात.

मी पडवीच मोठी करतो. हजार चोवीसवर का थांबायचं? एकदाच काय ते ऐसपैस करून टाकतो. चार वर्षं मी हे मशिन हाताळतोय.

बटाट्याची भाजी तुला वातूळ पडेल, खाऊ नकोस.

मामा


दौंड
१ ऑक्टोबर २००७

मामा,

हात जोडते, जास्त वाढवू नका. पत्र वेळेवर पोचो.

आणि एक गोष्ट लिहायची राहिली आहे. राहिली म्हणजे मी ठेवली होती. परवा आमचे साहेब फळं घेऊन मला बघायला आले. म्हणाले, "अनुपमा, वेळाई कारखान्याकडून विचारणा आली आहे. तुमच्या भागातलंच काम. रुजू झालीस की तूच सांभाळ. सध्या तिथं कुणी जुना ऑपरेटर आहे म्हणे, दिवसभर नुसता बंद-चालू करतो."

चेअरमन म्हणतात ती पुण्याची कंपनी म्हणजे आमचीच, मामा. ही विचारणा येणार अशी कुणकुण मला तुमच्या पहिल्या पत्राआधीच होती, म्हणून तर कंपनीचं विचारू नका म्हणाले. आणि साहेब तसं बोलले तेव्हा मी गप्प बसले. ते माझे मामा आहेत असं तोंडातून निघालं नाही. आई चहा आणायला आत गेली होती, नाहीतर तिनंच त्यांना सुनावलं असतं. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

मी तुम्हाला जे सांगितलं ते तुमचं काम काढून घ्यायला नाही. एवढं खरं माना.

अनु


दौंड
२० ऑक्टोबर २००७

मारुती,

मी तुळजाक्का लिहितीया. हात वाकडा हाय, समजून घे. उद्या दसरा, आन् वीस दीस झालं तुझं पत्तर न्हाई. पोरगी पोस्टमनची वाट बगती आन् उशीत तोंड खुपसती. तिला आता नववा सरत आलाय. ह्या दिवसात तिला रडवनारा तू कोन रं?

ती गप्प बसली त्ये खरं. पर तुला पत्तर टाकल्यावर काय केलं त्ये तुला लिवलं न्हाई तिनं. माझ्या हातापाया पडून डब्यातला मोबाईल मागितला आन् सायबाला सांगितलं, "त्यो ऑपरेटर न्हाई, माझे मामा हायेत. ते काम मी घेनार न्हाई. दुसऱ्या कुनाला द्यायचं तर द्या." सायेब काय बोलला म्हाईत न्हाई, पर फोन ठिवल्यावर पोरगी लई दिसांनी भाकर जेवली.

तळेगावच्या जीपवाल्यानं सांगितलं, तुमचं मशिन दोन दीस उठलंच न्हाई. तू त्यो आकडा वाढवला न्हवं? तिनं लिवलेलं मी वाचलं हुतं, हजार चोवीसच्या म्होरं जाऊ नगा म्हनून. उसाला युरिया जादा टाकला की ऊस जळतोय, ह्ये सगळ्या तालुक्याला तूच सांगत फिरतोस. मग सोताच्या येळंला कुठं गेली अक्कल?

आन् त्या तात्याबाच्या मानाचं. आपला आबा हुता तवा तात्याबाच्या बापाची मेंढरं दर साली आपल्या रानात बसायची, खतासाठनं. तू ल्हान हुतास. म्या त्यास्नी भाकरी न्हेऊन दिल्यात. धान्य दिलं तर घ्येतलं, न्हाई दिलं तर मेंढरं हाकली. त्ये मानासाठनं भांडनारं घर न्हाई. तू त्याला कवा इचारलंस का, की बाबा तुला नेमकं काय दिसंना? का आपलं ठरवून टाकलंस?

सोनं म्हनून आपट्याचं एक पान घातलंय. तू काय येत न्हाईस, म्हनून.

तुळजा


तळेगाव ढमढेरे
२९ ऑक्टोबर २००७

चि. अनु,

आधी हे वाच आणि मग डोळे पूस. मी रागावलो होतो, आता नाही. तू कामाला नको म्हणालीस ते तुझ्या आईकडून कळलं. असलं पुन्हा करू नकोस. आलेलं काम मामासाठी सोडायचं नसतं.

आता जे झालं ते जसंच्या तसं सांगतो. तुझं १ तारखेचं पत्र पोचण्याआधीच मी आकडा टाकून बसलो होतो. आठ हजार एकशे ब्याण्णव. मशिन चालू झालं, पण डेटाबेसच उठेना. दुसऱ्यांच्या वाट्यातून जागा येते हे तू लिहिलं होतंस, मी वाचलंही होतं, फक्त मनावर घेतलं नव्हतं. दोन दिवस सगळी गट ऑफिसं बंद. शेवटी परत पाचशे बारावर आणून ठेवलं. नंतर तुझं पत्र आलं. ते वाचून मशिनचा राग कुठं काढायचा ते मला सापडलं, एवढंच.

तुळजाक्काचं पत्र आल्यावर शुक्रवारी गाडी काढली आणि केंदूरला तात्याबांच्या वस्तीवर गेलो. बरोबर दोन कागद नेले. एकावर सगळ्या गावांचा एकत्र नकाशा, दुसऱ्यावर केंदूरचा वेगळा.

तात्याबा गोठ्यात होते. हात धुऊन आले, बाज टाकली. मी म्हटलं, "तात्याबा, कारखान्याचं मशिन एकतीस नकाशांनी वाकलंय. तुमचा वेगळा नकाशा परत मागायला आलोय. रागावू नका."

म्हातारा म्हणाला, "म्या येगळा नकाशा कवा मागितला?"

"भर सभेत मागितलात की."

"म्या म्हन्लं आमचं दिसंना. येगळा द्या त्ये चेरमन म्हन्ले." त्यांनी एकत्र नकाशा गुडघ्यावर पसरला. "ह्ये बगा. हितं तळ्याची शाळा हाय. हितं देऊळ. हितं पाटलाची हीर, तिला सुदिक नाव हाय. आन् ह्ये काय?"

त्यांचं बोट पांढऱ्या जागेवर होतं.

"ते... गट नंबर आहेत त्यात. मोठं केलं की दिसतात."

"नंबर दिसत्यात. आमी कुठं हाय? चाळीस वरसं झाली मेंढरं सोडून हितं बसलो. तीस घरं हायती. तोडीवाल्याला इचारलं तर म्हन्तो नकाशात वस्तीच न्हाई, वाट कुठनं काढू? मागल्या साली माझा ऊस त्यामुळं म्हयनाभर उभा वाळला."

मी घाईघाईनं दुसरा कागद काढला, त्यांचा स्वतःचा. म्हटलं, "यात तरी असेलच."

अनु, त्यातही नव्हतं. मी उन्हात धरून बघितलं. शीर्षक होतं, चौकट होती, माझ्या चार दुपारी होत्या. तीस घरांची वस्ती नव्हती. जुन्या सरकारी नकाशावरून मी गाव उतरवून घेतलं आणि त्या नकाशाच्या वेळी वस्तीच नव्हती. बिनचूक उतरवलं म्हणून मी चार वर्षं ताठ होतो.

तात्याबा म्हणाले, "न्हाई, पर येलबुट्टी लई झ्याक काढलीय. आमच्या सूनबाईनं ती बगून दारात रांगोळी काढली हुती."

मी दोन्ही कागदांची घडी घातली. मग त्यांनीच विचारलं, मशिनला झालंय काय. मी गड्यांचं सांगितलं. एकेका गावाला दोन दोन, बासष्ट गडी कायम उभे. म्हातारा असा हसला की खोकल्याची ढास लागली. "म्हंजी बासट मेंढके काठ्या घिऊन हुबे, आन् मेंढरू त्यात एकबी न्हाई!"

काल संचालकांची बैठक होती. मी बोलायच्या आतच तात्याबा उठले. "पैला माजा काढा. आन् जो सगळ्यांचा ऱ्हाईल, त्यात ज्याची वस्ती न्हाई त्यानं उद्यापास्नं मारुतरावाला सांगा." ज्यांच्यामुळं सुरू झालं तेच सोडतायत म्हटल्यावर पाबळवाले काय बोलणार? एकानं नुसतं विचारलं, "मग चौकट?" त्यावर चेअरमनच म्हणाले, "चौकट घरी लावा."

आजपासून एकच नकाशा. गडी कमीत कमी तीन, जास्तीत जास्त आठ. पडवी पाचशे बाराचीच ठेवली आहे, हात लावला नाही. त्या पांढऱ्या जागेवर "धनगरवस्ती, केंदूर" असं लिहिलंय आणि रस्ता ओढलाय. रस्त्यावरून मी स्वतः जीपीएस घेऊन दोनदा गेलो, कारण पहिल्या वेळी एक वळण शंकास्पद वाटलं.

ठरावीक वेळानं सगळे गडी एकदमच ताजेतवाने व्हायला जातात, म्हणजे बंद होऊन पुन्हा सुरू होतात, तेव्हा क्षणभर नकाशा अडखळतो. त्याचं काय करू ते लिही. मोळीपूजन सोळा तारखेला ठरलंय.

मारुतीमामा


दौंड
६ नोव्हेंबर २००७

मामा,

परवा मुलगी झाली. वजन सहा पौंड, आवाज इंजिनाचा. तुम्हाला निरोप पोचलाच असेल, पण तुम्ही लिहिलेलंच खरं मानता म्हणून लिहिते.

गडी एकत्र जातात ते मुळातच चूक. त्यांची सुट्टी पाळीनं लावा. एक ताजा होऊन आला की दुसरा जाईल. सेटिंगमध्ये वेळ पहाटेची ठेवा आणि मधलं अंतर वाढवा.

आणि साहेबांना मी पुन्हा फोन केला. आई बाळाला न्हाऊ घालत होती तेवढ्यात. म्हटलं, मोळीपूजनाला जा आणि माझ्या मामांचा सर्व्हर बघा. मग काय ते ठरवा. ते येणार आहेत. तुम्हाला सांगून टाकते, नाहीतर म्हणाल अनुनं पुन्हा काही ठेवलं.

भीती वाटतेय. तुम्हाला वाटत नाही ना?

अनु


तळेगाव ढमढेरे
२५ नोव्हेंबर २००७

चि. अनु,

मुलीस आशीर्वाद. तो मात्र ओळ भरून देतो, ती नवी आहे.

भीती वाटत होती. सोळा तारखेला सकाळी मी आंघोळ दोनदा केली. गव्हाणीत उसाची मोळी पडली, नारळ फुटला, सगळे संचालक हॉलमध्ये आले. तुझे साहेब मागच्या खुर्चीवर. मी पडदा लावला आणि आधीच सांगून ठेवल्याप्रमाणं सगळ्या गट ऑफिसांनी एकाच वेळी नकाशा उघडला. मुद्दाम. पडायचा असेल तर सगळ्यांच्या देखत पडू दे.

पडला नाही. गावामागून गाव येत गेलं. आठ गडी काय ते धावत होते, मी एका डोळ्यानं त्यांच्याकडं आणि एका डोळ्यानं चेअरमनांकडं बघत होतो. केंदूरला आल्यावर तात्याबा खुर्चीतून न उठताच म्हणाले, "आता दिसलं." बस, एवढंच. कुणी हसलं नाही.

तुझे साहेब नंतर जवळ आले. "अनुपमाचे मामा तुम्हीच ना? हे सगळं तुम्हीच बसवलं?" मी म्हटलं, "रेघा माझ्या. दुखणं ओळखलं माझ्या भाचीनं. आणि जुना ऑपरेटर तो मी." गोरामोरा झाला बिचारा. माणूस वाईट नाही. चेअरमन म्हणाले, नकाशा इथंच राहील, मारुतरावांकडं. वर्षातून एकदा तपासणी तेवढी तुमच्या कंपनीनं करावी. साहेब म्हणाले, अनुपमा करील. मी म्हटलं, ती आली की मी तिच्यापुढं सगळे आकडे मांडून ठेवीन, पण चहा तिनं करायचा.

आता खरं सांगू? पहिला आठवडा मला करमेना. सकाळी जाऊन बघावं तर मशिन आपलं चालूच. बंद करायचं कारण नाही, चालू करायचं कारण नाही. मी खुर्ची पुसली, वायरी सरळ केल्या, पंख्याला तेल दिलं. माझी गरज संपली की काय, असं वाटायला लागलं.

मग माणसं यायला लागली. तात्याबांनी सभेत सांगितलं ते गावोगाव गेलं. कुणाची वस्ती ओढ्यापलीकडं, कुणाची विहीर दुसऱ्याच्या गटात. आता मी सकाळी जीपीएस घेऊन बाहेर असतो आणि दुपारी येऊन नावं लिहितो. परवा चुलत्या-पुतण्यांचं एका चिंचेवरून भांडण लागलं, चिंच कुणाच्या बाजूला दाखवायची. मी चिंच दाखवतच नाही म्हटलं, मग दोघं मिळून माझ्यावर चिडले.

काल एक म्हातारी आली. दगडाबाई नाव, तात्याबांच्या नात्यातली, चालत आलेली. तिच्या शेताला गट नंबर आहे, पण तिला तो पाठ नाही. म्हणाली, "आमच्या रानाला कोल्ह्याचं टेकाड म्हंत्यात. त्ये लिवा." मी तिच्या सांगण्यावरून ओढा धरला, ओढ्यावरून बांध, बांधावरून टेकाड. बरोबर जागा सापडली तेव्हा ती म्हणाली, "हितंच माझा मालक मेंढरांचा शेवटचा वाडा बसवून ऱ्हायला." तिचं लिहिणं-वाचणं नाही. मी अक्षरं घातली आणि तिला दाखवलं, हे बघा, कोल्ह्याचं टेकाड, खाली दगडाबाई.

तिनं पदरानं बोट पुसलं आणि पडद्याला लावलं. मग मला विचारलं, "तुमी मशिन बंद केलं की ह्ये जातंय व्हय?"

मी म्हटलं, "न्हाई. आता मशिन बंद करत नाही."

"मग बसते वाईच," म्हणाली, आणि पडद्यासमोर मांडी घालून बसली.

मारुतीमामा